वाळू पडायची थांबली, पण खडा गेला का?

वाचक ताईंचं पत्र

मॅडम, माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. टेम्पो चालवतात. सोलापूरहून पुण्याला भाजीपाला नेतात, बहुतेक रात्रीचाच प्रवास असतो. डाव्या किडनीत खालच्या बाजूला ११ मिलिमीटरचा खडा निघाला, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी शॉकवेव्हनं फोडून घेतला. पहिला आठवडा लघवी लालसर होती आणि वाळूसारखी कणी पडत होती. मग ती पडायची थांबली. मागच्या आठवड्यात दोनदा असह्य कळ आली, इंजेक्शन घ्यावं लागलं. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या अगदी जवळ नळीत ५ मिलिमीटरचा तुकडा अडकलेला दिसला, किडनीला थोडी सूज, आणि खाली किडनीत ३-४ मिलिमीटरचे दोन-तीन तुकडे अजून आहेत. डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन आणि दुखण्याची गोळी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर म्हाताऱ्या माणसांच्या प्रोस्टेटची गोळी. तिसऱ्या दिवशी ह्यांना उठताना चक्कर आली, तेव्हापासून बंद केली. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन रोज चालू आहे. आता चार दिवस दुखलं नाही, म्हणजे खडा पडला असं हे म्हणतात आणि परवापासून गाडीवर जायला लागलेत. सासूबाई पानफुटीची पानं देतात, मित्र बीअर प्यायला सांगतात. गोळी चुकीची दिली का? पुन्हा ऑपरेशन लागेल का? पडलेली वाळू मी एका डबीत ठेवली आहे, सासूबाई म्हणतात फेकून दे.

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण मी अडखळले ते एकाच वाक्याशी. चार दिवस दुखलं नाही म्हणजे खडा पडला, हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. आधी त्याचंच बोलू, कारण बाकी सगळं थोडं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

मुतखड्याची कळ खड्याच्या टोकांमुळे येते असं आपल्याला वाटतं. खरं तर कळ येते ती मागे तुंबलेल्या लघवीमुळे. नळी अडली की किडनीतला दाब एकदम वाढतो, किडनीचं आवरण ताणलं जातं आणि माणूस गडबडा लोळतो. पण अडथळा तसाच राहिला तर किडनी हळूहळू लघवी कमी तयार करते, दाब उतरतो आणि दुखणंही उतरतं. खडा मात्र जागच्या जागी असतो. बरेच महिने काहीच दुखत नाही म्हणून निर्धास्त राहिलेले एक शेतकरी माझ्याकडे आले होते, ते दुसऱ्याच तक्रारीसाठी. सोनोग्राफी केली तेव्हा त्या बाजूची किडनी फुग्यासारखी पातळ झालेली होती. ती किडनी आम्हाला वाचवता आली नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे इतक्या आग्रहानं लिहिते आहे.

तुमच्या मिस्टरांचा तुकडा खरंच पडलाही असेल. ५ मिलिमीटरचा, तोही मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला तुकडा आपणहून पडण्याची शक्यता चांगली असते. पण तो पडताना कोणी पाहिलेला नाही. तेव्हा या आठवड्यातच, मूत्राशय भरलेलं ठेवून पुन्हा एक सोनोग्राफी करून घ्या, आणि सोबत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) व लघवीची तपासणी. तुकडा गेलेला असेल आणि किडनीची सूज उतरली असेल, तर निम्मी काळजी मिटली.

आता गोळीचं. नाही ताई, डॉक्टरांनी चुकीची गोळी दिलेली नाही. मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं तेही खोटं नाही, फक्त अर्धं आहे. टॅम्सुलोसिन मुळात प्रोस्टेटसाठीच बाजारात आली. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू ती सैल करते. पण तसल्याच स्नायूंचं अस्तर किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या नळीलाही असतं, आणि ज्या ठिकाणी हे औषध जाऊन बसतं ती ठिकाणं या नळीच्या खालच्या भागात सर्वांत जास्त असतात. ही नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. तीन ठिकाणी ती आणखी चिंचोळी होते आणि मूत्राशयात शिरते ती जागा सगळ्यांत अरुंद. तुमच्या मिस्टरांचा तुकडा नेमका तिथेच येऊन थांबला होता. तुकडा टोचला की नळी त्याला आवळून धरते. गोळी ती आवळ सोडवते आणि वरून येणाऱ्या लघवीला तुकडा पुढे ढकलायला वाट मिळते. खडा विरघळवणं हे तिचं काम नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

तिचा उपयोग किती, हे मी फुगवून सांगणार नाही. शॉकवेव्हनंतर अशा गोळ्या देऊन झालेले ४० अभ्यास, त्यांत मिळून ४,७९३ रुग्ण, असा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये प्रसिद्ध केला. गोळी घेणाऱ्यांत शंभरामागे साधारण ११ जण जास्त खडामुक्त झाले, तुकडे सरासरी पावणेचार दिवस लवकर पडले, आणि पुन्हा काही प्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण कमी झालं. मात्र त्यातले बरेच अभ्यास फार काटेकोर नव्हते, म्हणून या आकड्यांवर डोळे मिटून भिस्त ठेवू नये असं त्या आढाव्यानंच म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली हजारावर लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत तर नळीतल्या खड्यांना टॅम्सुलोसिनचा फायदा दिसला नव्हता. ते खडे शॉकवेव्हनं फोडलेले नव्हते, आपणहून नळीत उतरलेले होते, हा फरक आहे. हे सगळं पाहून माझं मत असं की फोडल्यानंतर काही आठवडे ही गोळी द्यावी. मदत बेताची आहे, पण खरी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि धोका सांभाळता येण्यासारखा आहे.

तो सांभाळायचा कसा, हे मात्र तुमच्या घरात फार महत्त्वाचं आहे, कारण तुमचे मिस्टर रात्री गाडी चालवतात.

ही गोळी रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते. त्यात ते अ‍ॅम्लोडिपिन घेतात, आणि लघवी लागू नये म्हणून बहुधा पाणीही कमी पीत असतील. तिन्ही मिळून उठताना बीपी खाली आलं आणि चक्कर आली, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. सुरुवातीच्या दिवसांत हे सर्वांत जास्त होतं. डॉक्टरांना आजच फोन करा. चक्कर आली आणि आपणहून गोळी बंद केली, हे स्पष्ट सांगा. कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी सांगा. ते बसून आणि उभं करून बीपी मोजतील आणि गोळी पुन्हा सुरू करायची की नाही ते ठरवतील. सुरू केली, तर रोज एकाच वेळच्या जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्यायची, कॅप्सूल फोडून किंवा चावून नाही. बहुतेकांना आम्ही रात्रीच्या जेवणानंतर सांगतो, कारण पुढे माणूस झोपणार असतो. तुमच्याकडे उलटं आहे. मिस्टर दिवसा झोपत असतील तर ज्या जेवणानंतर झोप होते ते जेवण धरायचं, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारून घ्या. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग उभं राहायचं.

आणि गाडी? गोळी नव्यानं सुरू झाल्यावर चार-पाच दिवस तरी अजिबात नाही. सोनोग्राफी होईपर्यंतही नाही. टेंभुर्णीच्या पुढे मध्यरात्री स्टिअरिंगवर असताना ती कळ आली तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोजच्या फेरीवर घर चालतं याची मला जाणीव आहे. तरीही आठवडाभर बदली ड्रायव्हर बघा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारायला हवी. या गोळीनं काही पुरुषांत संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येत नाही किंवा फार कमी येतं. काही वेळा ते मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्यात इजा काही नाही, गोळी थांबली की पूर्ववत होतं. सिलोडोसिन नावाची याच गटातली दुसरी गोळी आहे, तिच्यात हे आणखी जास्त दिसतं. बरीच माणसं याच कारणानं घाबरून गोळी सोडतात आणि घरी चक्कर आली म्हणून सांगतात. तुमच्याकडे तसं असेलच असं नाही, पण असेल तर त्यांना कळू द्या की हे अपेक्षित आहे. संबंधासाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी ते घेत असतील तर मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं, दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळू शकतं. घरातल्या आणखी कोणाला प्रोस्टेटसाठी हीच गोळी चालू असेल आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी कल्पना द्या. शस्त्रक्रियेत बाहुली हवी तितकी मोठी राहत नाही, आणि त्यांना माहीत असेल तर ते तयारी ठेवतात.

दुखण्याच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. डायक्लोफेनॅक असावी. मुतखड्याच्या कळेवर ती उत्तम काम करते, नुसत्या पोटदुखीच्या गोळीपेक्षा चांगली. पण तिनं किडनीवर ताण येतो आणि बीपी वाढतं, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रमाणापलीकडे, मेडिकलमधून सुटी आणून घ्यायची नाही. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर ती बंदच. पूर्वी नळी सैल करायला निफेडिपिनही द्यायचे, ती आता मागे पडली आहे, आणि अ‍ॅम्लोडिपिन तिच्याच जातीची असल्यानं तुमच्याकडे तिचा प्रश्नच नाही. टॅम्सुलोसिनच्या जोडीला डेफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड असलेली गोळीही आपल्याकडे सर्रास मिळते. कोणी बदलून देत असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता किडनीत खाली राहिलेले तुकडे. शॉकवेव्ह हे मोठं नवलाचं तंत्र. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये क्रिस्तियान शॉसी यांच्या चमूनं ते पहिल्यांदा माणसावर वापरलं, आणि यंत्र बनवलं होतं डॉर्निअर या विमानं बांधणाऱ्या कंपनीनं. शरीराबाहेरून धक्के देऊन आतला दगड फोडायचा, चाकू लागतच नाही. पण यंत्राचं काम फोडण्यापर्यंत. तुकडे बाहेर काढायचं काम शरीराचं, आणि किडनीच्या खालच्या कप्प्यातला तुकडा हा विहिरीच्या तळाशी पडलेल्या खड्यासारखा असतो. त्याला आधी वर चढायचं, मग नळीत उतरायचं. टॅम्सुलोसिनचा जोर नळीत, या कप्प्यात तिचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी एक साधा उपाय आहे: अर्धा लिटर पाणी प्यायचं, अर्ध्या तासानं डोकं खाली आणि कंबर वर अशा उतरत्या पलंगावर पालथं झोपायचं आणि दुसऱ्यानं त्या बाजूच्या पाठीवर ओंजळीसारख्या हातानं दहा मिनिटं थोपटायचं. तुकडे वरच्या बाजूला घरंगळतात. काही अभ्यासांत याचा चांगला फायदा दिसला आहे. पण तुमच्या मिस्टरांना बीपी आहे आणि नळी अजून मोकळी झाल्याची खात्री नाही. म्हणून घरी सुरू करू नका. नळीतला तुकडा गेल्याचं कळल्यावर डॉक्टरांना विचारा आणि फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

हे तुकडे पडायला तीन महिनेही लागू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ४ मिलिमीटरच्या आतले आहेत, त्रास देत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी असंही मात्र मी म्हणणार नाही. पुढे त्यांच्यावरच नवा थर चढून खडा पुन्हा मोठा होऊ शकतो. इथे पोटॅशियम सायट्रेटचं औषध बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, विशेषतः कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात. युरिक अ‍ॅसिडचा खडा असेल तर लघवीची आम्लता कमी करून तो चक्क विरघळवता येतो. पण जंतुसंसर्गामुळे झालेल्या खड्यात हेच औषध उलटं पडतं, आणि किडनी अशक्त असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याचं वाढतं. म्हणजे खडा कशाचा, हे कळल्याशिवाय सरबतासारखी बाटली आणून पीत बसू नये.

पाण्याबद्दल. दिवसाला लघवी अडीच लिटर व्हावी इतकं पाणी हवं, आपल्या सोलापूरच्या उन्हात त्यासाठी तीन-साडेतीन लिटर सहज लागतं. लघवी पाण्यासारखी फिकट दिसली की पुरे, मोजत बसायची गरज नाही. रस्त्यात थांबावं लागतं म्हणून पाणी टाळायचं, ही ड्रायव्हर लोकांची सवय मला ठाऊक आहे, आणि त्यांच्यात इतके मुतखडे दिसण्याचं मोठं कारण तेच आहे. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे त्यांना औषधाइतक्याच गंभीरपणे सांगा. पण कळ चालू असताना खडा ढकलण्यासाठी एकदम तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका. वाट अडलेली असताना त्यानं खडा हलत नाही, मागचा दाब आणि उलटी मात्र वाढते.

बीअर नको. लघवी थोडा वेळ जास्त होते, मग शरीर कोरडं पडतं, युरिक अ‍ॅसिड वाढतं, आणि टॅम्सुलोसिनबरोबर चक्कर ठरलेली. पानफुटीबद्दल सासूबाईंचं मन मोडू नका, पण पानं थांबवा. त्या वनस्पतीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती किती पोटात जातात याचा अंदाज घरी लागत नाही. त्याऐवजी त्यांनाच हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळी करायला सांगा. त्यानं खडा पडेल असं मी म्हणत नाही, पण पोटात पातळ जातं आणि त्यांच्या हातचं काहीतरी लेकाला मिळतं. दूध-दही बंद करू नका, कॅल्शियम तोडल्यानं खडे उलट वाढतात. मीठ, लोणचं, पापड कमी करा, आणि पालक काही महिने विसरा.

पुन्हा ऑपरेशन लागेल का? तुकडा अडकलेलाच निघाला, पण ताप नाही, दुखणं आटोक्यात आहे आणि क्रिएटिनिन ठीक आहे, तर एकूण चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. त्यातले काही दिवस आधीच गेलेत हे लक्षात ठेवा. त्यानंतर दुर्बीण घालून लेझरनं तो काढणं शहाणपणाचं. कधी फोडलेले कण नळीत एकामागे एक रांग लावून बसतात. जर्मन डॉक्टरांनी त्याला ‘श्टाइनश्ट्रासे’ म्हणजे दगडांचा रस्ता असं नाव दिलं. तेव्हाही दुर्बीण लागू शकते. खर्चाची काळजी असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया त्या योजनेत बसतात. आत नळी म्हणजे स्टेंट ठेवली, तर ती काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. विसरलेल्या स्टेंटवरच खडे चढलेले मी पाहिले आहेत.

आणि हे तुमच्या फोनवर लिहून ठेवा: थंडी वाजून ताप आला, ताप १००.४ च्या वर गेला, लघवी बंद झाली, काहीच पोटात ठरत नाही, लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, किंवा पाठीत सतत दुखून घाम फुटला आणि गळल्यासारखं झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता असलं तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. अडलेल्या किडनीत पू झाला तर नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, आधी त्या किडनीला वाट करून द्यावी लागते, आणि त्यात काही तासही फार मोलाचे असतात.

ती डबी फेकू नका. तुम्ही ती वाळू जपून ठेवलीत, हे या सगळ्यात तुम्ही केलेलं सर्वांत उपयोगाचं काम आहे. अजून काही दिवस मिस्टरांना गाळणीतून किंवा पातळ सुती फडक्यातून लघवी करायला सांगा, नवा कण मिळाला तर धुऊन, वाळवून त्याच डबीत टाका. सोनोग्राफीला जाल तेव्हा डबी बरोबर न्या आणि डॉक्टरांना म्हणा, हे खडा तपासणीला पाठवा. पुढची दहा वर्षं त्यांनी काय प्यायचं, काय खायचं आणि कोणती बाटली घ्यायची, ते त्या चिमूटभर वाळूवरून ठरेल. सोनोग्राफीत काय निघालं ते मला कळवा.